वळसंगच्या शिवारात एका धडधाकट सुनेची बाजू

या लेखात मला एकच विधान सिद्ध करायचे आहे. गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाला कारण ठरू शकणारे एचपीव्ही विषाणूचे धोकादायक प्रकार धडधाकट, संसारी स्त्रियांमध्येही सर्रास आढळतात. म्हणून चाचणीत विषाणू सापडला, एवढ्यावरून त्या स्त्रीच्या चारित्र्याविषयी कोणतेही अनुमान निघत नाही. यासाठी मला वळसंगला जावे लागले, कारण तिथे ते अनुमान काढून झाले होते.

सुजाता माझी भाची, वळसंगला दिलेली. गावातल्या आरोग्य शिबिरात तिची ही चाचणी पॉझिटिव्ह आली आणि सोलापूरला दुर्बिणीतून पुढची तपासणी करून घ्या, असे सांगितले गेले. तिच्या सासूने, गंगाबाईंनी, तपासणीऐवजी तिचा स्वयंपाकघरातला वावर बंद केला. मला मात्र शेतात पंगत घालण्याच्या सणाचे, वेळ अमावास्येचे, आमंत्रण नेहमीप्रमाणे आले. मी ते स्वीकारले.

जुळे सोलापुरातून स्टँडपर्यंत रिक्षा, पुढे अक्कलकोटकडे जाणारी एसटी. कोणी जाणार असाल तर सकाळीच निघा. या दिवशी अर्धे शहर शेताकडे निघते आणि डब्यांनाही जागा लागते. बायकांना तिकीट अर्धे, माझ्या वयाला माफ.

“आज्जी, आधार कार्ड काढा की,” कंडक्टर म्हणाला.

“वय दिसत नाही म्हणता?”

“दिसतंय की! पण सायबाला कागद दिसाय लागतंय.”

फाट्यावर सुजाताचा नवरा महेश मोटारसायकल घेऊन उभा होता. दोन्ही बाजूंना कमरेएवढा शाळू, मधून हरभऱ्याचा आंबूस वास. “मावशी, आईला काय बोलू नगासा. सणाचा दिवस हाय.”

“मी बोलणार नाही. विचारणार आहे.”

शेतात कडब्याची कोप म्हणजे खोपी, तिच्यात पाच पांडव म्हणून चुन्याने रंगवलेले पाच दगड, पुढ्यात ताकातल्या आंबिलीचे मडके. गंगाबाईंचे माहेर कानडी मुलखातले. “बर्री अक्का, बर्री!” त्यांनी मनापासून स्वागत केले. पालेभाज्या आणि शेंगदाण्यांची दाट भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे. असे जेवण शहरात कोणत्याही दराने मिळत नाही. सुजाता दूर बांधावर पत्रावळ्या पुसत बसली होती.

“मला आंबील सुजाताच्या हातची हवी,” मी म्हणाले.

गंगाबाई हळू आवाजात म्हणाल्या, “तिला तसला रोग हाय, अक्का.”

“ठाऊक आहे. तो आंबिलीतून येत नाही. शरीरसंबंधातून येतो.”

“मग त्येच म्हंते की मी! चांगल्या घरच्या बाईला कशाला हुतंय?”

“चांगल्या घरच्या बाईची चाचणी कधी केली होती? तुमची केली?”

“मला काय धाड भरल्या?”

“सुजातालाही भरलेली नव्हती. शिबिर धडधाकट बायकांचेच होते. बहुतेक बायकांना, आणि पुरुषांनाही, अशा विषाणूचा संसर्ग कधी ना कधी होऊन जातो, कळतही नाही. कधी आला, कुणाकडून आला, हे चाचणी सांगत नाही. नवऱ्याकडून येतो, लग्नाआधीचाही असू शकतो. महेशला विचारलेत?”

महेश बांधापलीकडच्या उसाकडे पाहू लागला. शेजारच्या रानातून जेवायला आलेली एक म्हातारी खदखदून हसली. “आता बोल की रं म्हैशा! बोल!”

गंगाबाईंनी हातातला डाव मडक्यावर ठेवला. मग म्हणाल्या, “सुजे, ये. वाढ मावशीला.”

मी दोन वाट्या आंबील प्यायले. विधान सिद्ध झाले, असे मला वाटले.

भांडी आवरताना गंगाबाई सहज म्हणाल्या, “समद्यांस्नीच हुतंय, आपलं आपलं जातंय, तर सोलापूरला कशाला खेटा? ऊस तोडीला आलाय.”

“व्हय मावशी,” सुजातानेही सुटकेने मान डोलावली, “ऱ्हाऊ द्या की मग.”

मी पुन्हा खाली बसले. “बहुतेकींचा जातो. काहींचा वर्षानुवर्षे रेंगाळतो, आणि त्यातूनच पुढे कर्करोग होऊ शकतो. हिचा कोणता, हे इथे बसून तुम्हाला कळणार नाही, मलाही नाही.”

“आन तितं गेल्यावर?”

“कळेल. आणि लवकर कळले तर उपाय सोपा असतो.”

“मग हे आदी का न्हाय सांगितलासा?” गंगाबाई माझ्यावर खेकसल्या. त्यांचे बरोबर होते.

सुजाता त्याच संध्याकाळी माझ्याबरोबर एसटीत बसली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहून गर्भाशयाच्या तोंडाचा एक लहान तुकडा तपासणीला पाठवला. काही दिवसांनी अहवाल आला: कर्करोग नव्हता, पण त्या वाटेवरचा बदल होता. छोट्या उपचाराने तो भाग काढला आणि पुढच्या तपासण्या ठरवून दिल्या.

असल्या गोष्टी चारचौघांत लिहू नयेत, असे आमच्या सोसायटीत मला बजावण्यात आले आहे. वळसंगच्या पंगतीत जे बोलता आले, ते इथे न लिहिण्याचे कारण मला दिसत नाही. सुजाताने लेख वाचला आणि छापायला सांगितला. घरच्यांची नावे तेवढी बदलली आहेत.

आता माझी चूक. “सर्रास आढळतात” एवढे सिद्ध केले की माझे काम संपले, असे मी समजले. “म्हणून निर्धोक” हा पुढचा, खोटा निष्कर्ष माझ्यासमोर काढला जाईपर्यंत मी तो अडवला नाही. तपासणी टाळण्याचे सर्वांत पटणारे कारण सुजाताला त्या दिवशी गंगाबाईंनी दिले नाही, मी दिले.

— वसुधा, जुळे सोलापूर