ज्वारी वाळवता वाळवता जमवलेली सोयरीक

आधीच सांगून ठेवतो, हसू आलं तर दाबू नका. माझ्या घरात कोणी दाबत नाही, तर तुम्ही तरी काऊन दाबावं? आयुष्यात मी गाढवपणे पुष्कळ केले, पण इतक्या चांगल्या मनानं केलेला गाढवपणा दुसरा नाही.

आमचं घर मावला गावात, सीमेपलीकडच्या तेलुगू राज्यात. खाली पिठाची गिरणी, वर आम्ही दोघं. भिंतीला भिंत लावून दिगंबररावांचं घर. त्यांची एकुलती एक पोरगी प्रणिता. लहानपणी आमच्या गिरणीत शिरायची आणि भुतासारखी पांढरी होऊन घरी जायची. ती शिकत गेली, शिकतच गेली. हैदराबादेत पीएचडी केली, मग बंगळुरात आणखी एक संशोधनाचं काम. ते मुदतीचं असतं म्हणे. मुदत संपली आणि दिवाळीला पोरगी पेट्या घेऊन घरी आली.

तेव्हापासून दिगंबररावांच्या तोंडी एकच: आता पुढं काय? परदेशातून एक बोलावणं होतं, पण तेही मुदतीचंच. ते घेतलं तर पोरगी साता समुद्रापार, इकडे दोघं म्हातारी एकटी. नाही घेतलं तर एवढं शिकून घरी बसली म्हणून लोक बोलणार. बिचारे दोन्हीकडून घाबरलेले. मग मीही घाबरलो. शेजारी कशासाठी असतो?

आता संशय कसा आला ते ऐका.

आमच्या गल्लीत मोबाईलला रेंज येते ती गच्चीवरच. प्रणिता रोज संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर लॅपटॉप घेऊन बसायची. वर इस्त्रीचा कुर्ता, कानात डूल, आणि खाली घरातला फुलाफुलांचा पायजमा. मला सांगा, माणूस असं अर्धं कोणासाठी नटतं? दोन्ही गच्च्यांच्या मधे कमरेएवढा कठडा. मी ज्वारी वाळत घालायला वर गेलो होतो. खरंच ज्वारीसाठी. पहिल्या दिवशी तरी.

पडद्यावर एक चष्मेवाला माणूस होता. आणि आमची प्रणिता त्याला विचारत होती, "तुम्ही दिवसभर नेमकं काय करता? बदल्या होतात का? घरच्यांना वेळ देता येतो का?"

ज्वारीवर फिरणारा माझा हात थांबला.

समोरच्याचं उत्तर तिच्या कानातल्या यंत्रात जायचं. मला ऐकू यायचे फक्त प्रश्न. आणि अर्धवट ऐकण्याइतकं वाईट काही नाही, भाऊ. पुरं ऐकलं तर माणूस निवांत झोपतो, अजिबात नाही ऐकलं तरी झोपतो.

पुढल्या आठवड्यात दुसराच माणूस, मिशीवाला. प्रश्न तेच, वर आणखी एक: पुन्हा निवडायची वेळ आली तर हेच निवडाल का? त्यानंतर एक टकला. त्याला तर सरळच विचारलं, तुमच्यासारखं जगणं मला झेपेल का, खरं खरं सांगा.

माझी शाळा आठवीत सुटली. पण सोयरीक ओळखायला कोणती डिग्री लागते? पोरगी घरच्यांना न सांगता परस्पर स्थळं बघत होती. एकेकाची मुलाखत घेत होती आणि एकेकाला नापास करत होती.

मी सुमनला, म्हणजे आमच्या घरधनिणीला, हळूच सांगितलं. ती भाकरी थापताना मान वर न करता म्हणाली, "तुमाले काय करायचं हाये? आन ते ज्वारी किती डाव वाळवसान? खडे होऊन राह्यले तिचे."

घरात साथ नाही म्हटल्यावर मी दिगंबररावांना गिरणीत बाजूला घेतलं. ऐकून ते पिठाच्या पोत्यावर मटकन बसलेच. उठले तेव्हा मागून पांढरे.

"माधवभाऊ, मी विचारलं तं पोरगी म्हनते, थोडं थांबा बाबा, जमून राह्यलं हाये," ते म्हणाले. "काय जमून राह्यलं ते सांगत नाई. तुमीच जरा लक्ष ठेवा."

घ्या! इतके दिवस जे मी चोरून करत होतो, त्याचा परवाना मिळाला.

मग मी रोज लक्ष ठेवलं. पण आता गच्चीवर नवीनच प्रकार. माणसं बंद झाली आणि प्रणिता एकटीच येरझाऱ्या घालत तेच ते बोलू लागली. तेही मराठीत. "मी प्रणिता. मातीतल्या अशा जिवांचा मी अभ्यास करते, जे डोळ्याला दिसत नाहीत, पण कपाशीच्या मुळाला जेवू घालतात." इथं थांबायची. मुठीत माती असल्यासारखा हात पुढं करायची. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. ऐकून ऐकून माझंही पाठ झालं. शेवटी म्हणायची, "माझ्यातली उणीव म्हणजे, कामात बुडाले की मी जेवायचं विसरते."

तिथं माझी खात्री पटली. स्वतःची उणीव तोंडपाठ कोण करतं? होणाऱ्या सासूला आधीच सांगून जिला मोकळं व्हायचं असेल, तीच.

आणि एका सकाळी गिरणीसमोर गाडी थांबली. उतरले तिघं. सुती साडीतल्या भारदस्त बाई, पिकल्या केसांचे एक गृहस्थ, आणि गाडी चालवत आलेला एक उंच तरुण. आई, बाप आणि मुलगा. तुमच्या मनात तरी दुसरं काय आलं असतं?

बाईंनी विचारलं, प्रणिताचं घर हेच का. बोलण्यावरून नागपूरकडच्या निघाल्या. गृहस्थ मात्र त्यांच्याशी तेलुगूत बोलत होते. नागपूरची आई आणि तेलुगू बाप! म्हणजे यांचंही आपलं आपणच जमलेलं असणार. संशयावर कळस चढला.

दिगंबरराव आणि वहिनी बारशाला निर्मल गावी गेलेले. प्रणिता गुडीहत्नूरकडे कुठल्याशा शेतात. घराला कुलूप. आता आमच्याकडची रीत अशी, की मुलीच्या घरी जायच्या आधी पाहुणे शेजाऱ्याकडे टेकतात. निमित्त चहाचं, चौकशी मुलीची. शेजाऱ्याचा एक शब्द वाकडा पडला की जमत आलेलं मोडतं. म्हणून आमच्या गल्लीत कायदाच आहे: कोणाच्याही पोरीचं स्थळ आलं तर शेजाऱ्यानं तारीफ करताना हात आखडायचा नाही. संशय आपल्या जागी, पोरगी आपली.

मी गिरणी बंद केली, अंगावरचं पीठ झटकलं, सुमनला पोहे टाकायला सांगितलं. मुलाला पंख्याखालची खुर्ची दिली, बाकीच्यांना बाकडं. तो उठून गृहस्थांना खुर्ची देऊ लागला, तर मी खांदा दाबून त्याला परत बसवलं. वळण चांगलं आहे, मनात म्हटलं. तंबाखू खाता का विचारलं, तर नाही म्हणाला. शेती किती, म्हटल्यावर मात्र तो बाईंकडे बघू लागला.

मग बाईंनी चौकशी सुरू केली. प्रणिता गावातल्या लोकांत मिसळते का, चार माणसांपुढं बोलते का?

असल्या प्रश्नाला कसं उत्तर द्यायचं, हे मला शिकवावं लागत नाही. "छे, छे. खाली मान घालून जाते, खाली मान घालून येते," मी म्हणालो. "परक्या मानसाशी बोलनं नाई."

गृहस्थांनी हिंदीत विचारलं, उन्हातान्हात गावोगाव फिरायची सवय आहे का.

"उनात? आल्यावर रंग पाहा ना तुमी तिचा. जपून ठेवला हाये."

बाईंच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं, आपण कमी पडून राह्यलो. तेवढ्यात त्यांनी विचारलं, पुढं पाच वर्षं तरी हे काम करायचा तिचा विचार आहे ना?

मग मी हुकमाचं पान टाकलं. "त्याची काळजीच सोडा. हे शिकनं, संशोधन, सारी लग्नापर्यंतची हौस. अक्षता पडल्या का दुसऱ्या दिवशी सोडते. मी जबान देतो."

गृहस्थांनी कपबशी खाली ठेवली. बाई त्यांच्याशी तेलुगूत कुजबुजल्या. माझं निम्मं गिऱ्हाईक तेलुगू, सगळं कळतं मला. त्या म्हणाल्या, मुलाखतीत तर पोरगी वेगळीच वाटली होती. गृहस्थ म्हणाले, मग शेतावर जाऊन तरी काय बघायचं, इथूनच परत फिरू.

एवढ्या तारिफेवर परत? यांना पाहिजे तरी कशी?

तेवढ्यात स्कूटी आली. उन्हानं करपलेला चेहरा, पायजमा पोटरीपर्यंत दुमडलेला, पायाला चिखल. उतरता उतरताच प्रणिता बोलू लागली, माफ करा मॅडम, उशीर झाला, शेतात बाया जमल्या आहेत, तुमचीच वाट बघत आहेत. मी रंगवलेली पोरगी आणि समोर उभी असलेली पोरगी, दोघींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

बाई शांतपणे म्हणाल्या, "प्रणिता, लग्नानंतर काम सोडणार असशील तर आत्ताच सांग. तुझे काका म्हणतात तसं."

प्रणितानं माझ्याकडे बघितलं. मग पोह्यांच्या बशीकडे. मग पंख्याखाली बसलेल्या मुलाकडे. आणि तिला सगळं उमगलं.

"काका, हे माह्या नोकरीसाठी आले हायेत," ती म्हणाली. "शेतकऱ्यांना माती समजून सांगायचं काम हाये, आपल्याच जिल्ह्यात. आज शेतावर पाहून ठरवनार होते."

"आन गच्चीवरचे ते तिघं?" माझ्या तोंडून गेलंच. सगळ्यांसमोर.

"तुमी ऐकत होते?" ती म्हणाली. मी ज्वारीचं काहीतरी पुटपुटलो. तिनं कपाळाला हात लावला. "काका, पीएचडी झालेल्या सगळ्यांना कॉलेजात जागा नाई मिळत. मंग दुसऱ्या वाटेनं गेलेल्यांना विचारा लागते, बावा, तुमचं कसं चाललं हाये. तुमी गिरणी टाकायच्या आधी निर्मलपर्यंतच्या चार गिरण्या पाहून आले होते ना? तसंच."

आता हे आधी सांगायला काय झालं होतं? चार गिरण्या म्हटल्याबरोबर मला कळलं असतं.

पण बाईंची आठी काही उतरेना. आणि का उतरावी? उमेदवार स्वतःबद्दल गोडच बोलणार. शेजाऱ्याला खोटं बोलून काय मिळतं? पोरीचा चेहरा पडला. ती परदेशी गेली असती तर माझ्यामुळं, माझ्या जबानीमुळं.

मी उभा राहिलो. म्हणालो, "मॅडम, मघाशी सांगितलं ते सारं मनानं जोडून सांगितलं. आता कानानं ऐकलेलं सांगतो." आणि हात पुढं केला. माती नव्हती, मुठीत पीठ घेतलं. "मातीतल्या अशा जिवांचा मी अभ्यास करते, जे डोळ्याला दिसत नाहीत..."

पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. ती थांबायची तिथं थांबलो. ती खाकरायची तिथं खाकरलोही. कामात बुडाले की मी जेवायचं विसरते, हेसुद्धा म्हटलं, तेव्हा सुमननं माझ्या पोटाकडे बघून तोंडाला पदर लावला.

गृहस्थांनी विचारलं, जीव मुळाला जेवू घालतात म्हणजे काय? "मुळाचा हात पुरत नाई तिथलं ते आनून देतात," मी म्हणालो. "आन मूळ त्यायले आपल्यातलं गोड देते. शेजारधर्म हाये साहेब. एकमेकाच्या घरात डोकावल्याबिगर दोघांचंही भागत नाई."

आठी उतरली. बाई हसत होत्या. आठवीत शाळा सुटलेल्या शेजाऱ्याला जिचं काम कठड्यापलीकडून समजतं, तिचं शेत बघायलाच पाहिजे, असं गृहस्थांना म्हणाल्या. तो उंच तरुण खुर्चीवरून सुटका झाल्यासारखा उठला आणि जाता जाता मला म्हणाला, काका, माझं लग्न झालंय, मुलगी बालवाडीत आहे.

नोकरी मिळाली. कायमची, आणि इथंच. दिगंबरराव पेढे घेऊन आले तेव्हा बरोबर प्रणिताही होती. इस्त्रीचा कुर्ता, खाली तोच पायजमा. माझ्यासमोर खुर्ची ओढून म्हणाली, "काका, माही तयारी तुमी चांगली ऐकली. आता तुमची मुलाखत. मले विचारला होता तोच प्रश्न. पाच वर्षांनी तुमी सोताले कुठं पाह्यता?"

मी गंभीरपणे विचार करू लागलो. गिरणीला मसाल्याची मशीन जोडावी, बाहेर रंगीत पाटी लावावी...

आतून सुमनचा आवाज आला, "कुठं म्हंजे? कठड्यापाशी. ज्वारी वाळवत."