समुद्रातला तरवा

कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलेल्या आम्ही दोघीच मुली. सन पन्नासनंतरची गोष्ट. वर्गाची सहल रत्नागिरीला जायची ठरली, तेव्हा कसबा बावड्यातल्या आमच्या घरी दोन दिवस खल चालला. शेवटी वडील, म्हणजे आमचे आबा, म्हणाले, "जाऊ दे की तिला. समुद्र काय गिळतोय व्हय?"

आंबा घाट उतरेपर्यंत मला दोनदा उलटी झाली. पण ओहोटीनं उघडा पडलेला कातळ दिसला आणि मी सगळं विसरले. कातळभर हिरवं-तपकिरी शेवाळ आणि मधल्या खळग्यांत नितळ पाणी. सरांनी नमुने गोळा करायला सांगितलं. मी पदर खोचला आणि खळग्यातला सगळ्यांत मोठा झुपका दोन्ही हातांनी उपटला.

"अगो बाय, काय करतेस?" जवळच कातळाला चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवं काढत बसलेली एक म्हातारी ओरडली. "परत पाण्यात धर तो. नि बघ!"

मी झुपका पाण्यात धरला. त्यातून नखाएवढी माशांची पिल्लं निघाली आणि बावरून सैरावैरा पळू लागली.

"मोठ्या माशांपासून लपायला हीच जागा त्यांना," ती म्हणाली. "इथं वाढतात, मग खोल पाण्यात जातात. तू घरच उपटलंस त्यांचं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात सर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बूट काढले, विजार दुमडली आणि म्हणाले, "आजी, आम्हाला सगळ्यांनाच दाखवाल?"

मग तासभर तिनंच शिकवलं. कुठल्या शेवाळात कुठली पिल्लं सापडतात, सगळं तिला तोंडपाठ. भरती चढायला लागली तेव्हा तिनंच आम्हाला हाकललं. नमुना म्हणून आम्ही प्रत्येकी शेवाळाची एकच काडी घेतली.

घरी आल्यावर आबांना मी ते सगळं सांगितलं. ते एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, "आगं, ह्यो तर तरवा की! आपुन न्हाय का भाताची रोपं आधी एका वाफ्यात वाढवत, मग शेतात लावत? तसंच हाय हे!"

पुस्तकातली दोन पानं आबांनी एका दमात सांगून टाकली होती. कॉलेजात मी सरांना सांगितलं, तर त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी मला फळ्यापाशी उभं करून वर्गाला सांगायला लावलं.

सुगी उरकल्यावर आबांनी स्वतःच रत्नागिरीच्या एस.टी.ची चौकशी केली आणि मला घेऊन निघाले. धोतर गुडघ्याच्या वर खोचून ते पिल्लं बघायला त्याच कातळावर ओणवे झाले आणि भरतीचं पाणी पोटरीला लागलं तरी उठायला तयार होईनात.