पाय न टेकता

आमच्या वसाहतीतल्या सगळ्या इमारती एकाच साच्यातून काढलेल्या होत्या. तोच पिवळा रंग, तेच तीन मजले, जिन्याखाली त्याच लोखंडी टपालपेट्या. ऐंशी सालानंतर आम्ही नेरुळला राहायला आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात मीही दोनदा भलत्याच घराची बेल वाजवली होती. मी सॉरी म्हणून परत फिरले. आईला ते जमेना.

आई सातारकडची. वडील गेल्यावर दादाने तिला आणि मला इथे आणलं. ती पहिल्यांदा हरवली तेव्हा समोरच्या इमारतीत, आमच्यासारख्याच दुसऱ्या मजल्यावर, आमच्यासारख्याच डाव्या हाताच्या घरात सापडली. तिथल्या स्वयंपाकघरात मांडी घालून ती त्यांचे तांदूळ निवडत होती आणि गॅस एवढा मोठा का ठेवलास म्हणून त्यांच्या सुनेला झापत होती. ती बिचारी "हो आई, हो आई" करत गॅस कमी करत होती. त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्यांदा ती ठाणे-बेलापूर रस्त्यावर ट्रकच्या रांगेलगत अनवाणी चालताना सापडली. तेव्हा कोणी हसलं नाही.

डॉक्टर म्हणाले, वय झालं. शेजारी म्हणाले, डोक्यावर परिणाम झालाय. डिमेन्शिया हा शब्द मी पुढे कितीतरी वर्षांनी ऐकला. तेव्हा आमच्या हातात कुलूप होतं. दादा शिरवण्याजवळच्या कारखान्यात, वहिनी बेलापूरच्या कचेरीत आणि मी सकाळच्या शाळेत शिकवायला. वहिनी निघताना बाहेरून कुलूप लावायची आणि दुपारी मी येऊन ते काढायची. जिना चढतानाच आईचा आवाज यायचा.

"मला का कोंडलंय? दार उघडा. पोरगं यायची वेळ झाली."

पोरगं म्हणजे दादा. मला ती कधीकधी तिच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारायची, वहिनीला तर चक्क "पाहुणीबाई" म्हणायची आणि जेवून जा असा आग्रह करायची. पण संध्याकाळी खाली सायकलची घंटी वाजली की आई दारात हजर. "आला का रं? हातपाय धू. भाकरी गरम हाय." यात एक शब्द कधी इकडचा तिकडे झाला नाही. आमचं अख्खं घर पुसलं गेलं होतं, हे तेवढं राहिलं होतं. मला दादाचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

वसाहतीत कुलूपबंद माणूस आमचंच एकटं नव्हतं. पलीकडच्या इमारतीत एक आजोबा होते. निवृत्त होऊन जमाना झाला तरी ते सकाळी डबा मागून घ्यायचे आणि बस स्टॉपवर जाऊन उभे राहायचे. त्यांच्या मुलानेही शेवटी कुलूपच आणलं. म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला: तळमजल्यावरचा हॉल रिकामाच पडलेला असतो, तिथे दोन खाटा, एक पंखा आणि दिवसभर लक्ष ठेवायला एक बाई ठेवली तर? हॉल द्यायला सेक्रेटरी तयार होते. बाईचा पगार कुठून आणायचा यावर गाडी अडली. कोणी ऑर्केस्ट्रा सुचवला, कोणी लॉटरी. तेवढ्यात मागच्या रांगेतून आमचा दादा उभा राहिला आणि म्हणाला, "मी सायकल चालवतो."

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना हे सांगायला हवं. तेव्हा गावोगावच्या मैदानांवर असे सायकलवाले यायचे. चुन्याने आखलेल्या गोलात दिवसरात्र सायकल फिरवायची, पाय जमिनीला टेकवायचा नाही. जेवण सायकलवर, दाढी सायकलवर, अंघोळ म्हणजे जाताजाता कोणीतरी अंगावर बादली ओतायची. बाकीच्या विधींचं काय, हा प्रश्न आमच्या अख्ख्या वसाहतीला पडला होता आणि त्याचं उत्तर मी इथे देणार नाही. वाशीला असा एक जण आला होता तेव्हा दादा कामावरून परस्पर तिकडे जाऊन उभा राहायचा.

बाजारातले व्यापारी आणि दोन कारखानदार तयार झाले. तीन दिवस सायकल चालवली तर बाईचा वर्षाचा पगार ते देणार. मात्र पाय टेकला की सगळं रद्द. खेळ म्हणजे खेळ, असं त्यांच्यातले एक जण म्हणाले.

राग माझ्या नाकावरच असतो. घरी आल्यावर मी दादाला फैलावर घेतलं. "वेड लागलंय का तुला? गुडघे राहतील का जागेवर?"

"आईला कोंडून मी रोज सायकलच चालवतो ना," तो म्हणाला. "तीन दिवस तिच्या डोळ्यांसमोर चालवीन."



इमारतींच्या मधल्या मोकळ्या प्लॉटवर चुन्याचा गोल पडला. मधोमध बांबू, त्यावर कर्णा, भोवती पताका. मंडप आणि माइक शिरवण्याच्या एका मंडपवाल्याचा होता. त्याचा आवाज असा की कर्ण्याची गरज नव्हती. "बगा बगा, आमचा पैलवान बगा! पानी पाजा त्याला कोनीतरी!" असं तो ओरडायचा आणि शेजारच्या गावांतूनही माणसं बघायला यायची. कोळणी टोपल्या उतरवून उभ्या राहायच्या, बसचे कंडक्टर डबा खायला तिथेच बसायचे. रात्री पोरं आळीपाळीने दादाच्या शेजारून धावत त्याला बोलतं ठेवायची.

वहिनीने आणि मी रजा टाकली होती. मंडपात कडेला आईसाठी खुर्ची ठेवली होती. दादा पहिली फेरी घेऊन समोर आला तशी ती हसली. "आला का रं? हातपाय धू. भाकरी गरम हाय."

"आलो आई, येतोच," म्हणत दादा पुढे गेला.

फेरी मारून तो पुन्हा समोर आला. आईचा चेहरा पुन्हा उजळला. "आला का रं? हातपाय धू..."

प्रत्येक फेरीला. आधीची फेरी तिच्या लेखी झालेलीच नसायची. दिवसभर तिचा मुलगा कामावरून घरी येत होता आणि ती दर वेळी तितकीच आनंदत होती. मला आधी गंमत वाटली, मग भरून आलं. मंडपवाल्याच्या मात्र हे लक्षात आलं आणि त्याने माइक सरळ आईच्या तोंडापुढे धरला. कर्ण्यातून "आला का रं?" घुमलं आणि लोक खो खो हसले. दुसऱ्या दिवशी तर गर्दी तिच्याबरोबर एका सुरात म्हणायला लागली. आला का रं! हातपाय धू! भाकरी गरम हाय! मुलं टाळ्या पिटत होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी जाऊन माइक हिसकावला. "माझ्या आईचा तमाशा लावलाय का तुम्ही?"

मंडपवाला दोन पावलं मागे सरकला. "ताई, रागाव नको. तुजी आय समद्यांना आवडते, म्हनून हसतान."

माझा त्याच्यावर विश्वास बसला नाही. माइक परत दिला तो आदळूनच.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई बदलली. सूर्य मावळला की दादा उतरणार होता. व्यापारी मंडळी हार घेऊन येऊन बसली होती. दादाचे डोळे खोल गेले होते, सायकल मधूनच झोकांड्या खात होती, पण तो फिरत होता. आई मात्र आता हसत नव्हती. तो समोरून गेला की ती त्याच्या पाठीकडे बघत राहायची. फेऱ्या ती विसरली होती, पण प्रत्येक फेरीने तिच्या जिवाला जे लागलं होतं ते कुठेतरी साठत गेलं होतं. अचानक ती रडायला लागली.

"येतंय नि जातंय," ती मला म्हणाली. "जेवत न्हाई. माझं काय चुकलं गं?"

मी तिला जवळ घेतलं, घरी चल म्हटलं. ती ऐकेना. तेवढ्यात वहिनी दादासाठी ताट घेऊन आली. आईने ते तिच्या हातातून ओढून घेतलं आणि मी उठेपर्यंत ती चुन्याची रेघ ओलांडून गोलात गेलीसुद्धा. दोन्ही हातांत ताट धरून ती बरोबर दादाच्या वाटेत उभी राहिली.

गोल मोठा होता. त्याला बाजूने सायकल काढता आली असती. हे मला त्या क्षणीही दिसलं आणि मी ओरडलेही, "बाजूने घे, दादा!" दादाने ब्रेक दाबला. सायकल आईच्या पुढ्यात थांबली आणि त्याने पाय टेकला.

 मंडपवाल्याने माइक खाली घेतला. दादा उतरून तिथेच मातीत बसला.

"हातपाय धुतलंस का?" आईने विचारलं.

कोणीतरी बादली आणून दिली. दादाने हात धुतले, तोंड धुतलं आणि तिथेच बसून भाकरी खाल्ली. आई पदराने त्याची पाठ पुसत होती. कारखानदार मोटारीत बसून निघून गेले. व्यापाऱ्यांनी आणलेला हार आता कोणाला घालायचा ते न कळून मंडपवाल्याने तो सायकलच्या हँडलला अडकवला.

घरी दादा गरम पाण्यात पाय सोडून बसला होता. मी धुमसत होते. "जरासाच वेळ राहिला होता. बाजूने घेता आली असती."

"आली असती," तो म्हणाला. "पण तिला वाटलं असतं, मी तिला टाळतोय."

"आणि उद्यापासून पुन्हा कुलूप, त्याचं काय?"

 मी बरेच दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. हॉलमध्ये खाटांऐवजी कॅरम बोर्ड आला. दुपारी जिना चढताना पुन्हा तोच आवाज यायला लागला: मला का कोंडलंय?

मग एका दुपारी आवाज आला नाही. वर गेले तर कुलूप कडीला नुसतंच लटकलेलं. वहिनीने घाईत दाबलंच नव्हतं. घरात आई नव्हती.  समोरच्या इमारतीत धावले, तिथेही नाही. मग ट्रकचा रस्ता आठवला आणि मी चप्पल न घालता पळत सुटले.

वळणावरच आई दिसली. ती भराभर घराकडे येत होती. तिच्यापुढे डोक्यावर टोपली घेतलेली एक कोळीण होती, आणि मागे एक कंडक्टर, आईच्या चपला हातात घेऊन.

"सायकलवाल्याची आय ना ही?" कोळीण मला म्हणाली. "रस्त्याला चालली होती. मी बोलले, आये, तुजा पोर आलाय, जेवाचा थांबलाय. लगेच फिरली बग."

मी भर रस्त्यात रडले. आई मला म्हणाली, "रडायला काय झालं? चल, त्येला भूक लागली असंल."

हळूहळू आमच्या लक्षात आलं. तीन दिवस त्या कर्ण्याने आईला घरोघरी पोचवलं होतं. आधी ती एकसारख्या इमारतींमधली एक अनोळखी म्हातारी होती. आता भाजीवाले, कंडक्टर, पलीकडच्या गल्लीतली पोरं, सगळे तिला ओळखत होते आणि तिला घरी कसं परत न्यायचं तेही त्यांना माहीत होतं. ज्या हसण्याचा मला संताप आला होता, त्याच हसण्यातून ते शिकले होते.

दादा म्हणाला, आता कुलूप नको. वहिनी घाबरली, मीही घाबरले. शाळेत शिकवताना माझं लक्ष खिडकीबाहेर असायचं. एकदा आई गुडघा खरचटून आली. पण ती आली. बऱ्याचदा समोरची ती सून गॅलरीतूनच ओरडायची, "तुमच्या आई माझ्याकडे तांदूळ निवडतायत, जेवूनच पाठवते!"

पलीकडच्या आजोबांना मात्र कोणी ओळखत नव्हतं. त्यांचं कुलूप तसंच राहिलं. त्यांच्या इमारतीखालून जाताना आतून दारावर थाप ऐकू आली की दादा मान खाली घालायचा. त्याने पाय टेकला नसता तर ते हॉलमध्ये बसले असते, हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. त्याला ते माहीतच होतं.

घरचं कुलूप दादाने सायकलच्या साखळीला लावलं. त्या संध्याकाळी आई खाली आली होती. तिने कुलूप हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं.

"सायकलीला का रं कोंडलंस?"

"कुठं जाऊ नये म्हणून."

"काढ त्ये," आई म्हणाली. "गेली तर कुणीतरी आणून सोडंल की घरला."

दादाने खरोखरच कुलूप काढलं. महिन्याभरात सायकल चोरीला गेली आणि ती काही कोणी आणून सोडली नाही. आईला मात्र, ती दादालाही ओळखेनाशी झाली तेव्हासुद्धा, कोणी ना कोणी हाताला धरून आणत राहिलं.