मध्यापासून आठ शतांश

एकोणीस मे रोजी संस्थेच्या उन्हाळी संशोधन योजनेतून एका विद्यार्थिनीच्या नावे अठरा हजार सहाशे चाळीस रुपये मंजूर झाले. विद्यावेतन वेगळं. ही रक्कम साहित्याची होती: एक छोटी मोटर, काही इलेक्ट्रॉनिक सुटे भाग आणि वर्कशॉपमध्ये करून घ्यायची पोलादाची एक चकती. दहा आठवडे संपले की सगळं स्टोअरमध्ये जमा करायचं, असं मंजुरीपत्राच्या शेवटच्या ओळीत लिहिलेलं होतं.

चकतीचं काम मायक्रॉनकाकांकडे गेलं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे नाव त्यांना कोणी आणि कधी दिलं ते आता कोणालाच आठवत नव्हतं, पण पगारपत्रक सोडलं तर सगळीकडे तेच चालायचं. चोविसाव्या वर्षी ते मदतनीस म्हणून तळमजल्यावरच्या वर्कशॉपमध्ये लागले आणि चौतीस वर्षं खिडकीजवळच्या त्याच लेथवर उभे राहिले. घरीही तोच स्वभाव. भिंतीवरचं घड्याळ तिरपं दिसलं तर यांचा घास घशाखाली उतरत नाही, असं त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

वर्षभर काम प्राध्यापकांचं असे. मे महिना लागला की कॉलेजच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची दहा-बारा मुलं दहा आठवड्यांसाठी यायची. प्रत्येकाला एक गाईड, एक टेबल आणि एक छोटं संशोधन. वर्कशॉपमध्ये त्यांना ‘उन्हाळी’ म्हणत. उन्हाळी आले की बाकीच्या कारागिरांना नेमकी गावची कामं आठवत आणि रजेचे अर्ज पडत. कारण या मुलांची ड्रॉइंगं. कोणाचा दांडा भोकापेक्षा जाड, कोणाचं एक माप लिहायचंच राहिलेलं. एकानं तर चारी बाजूंनी बंद डबा काढला होता. आत वस्तू जायला वाटच नव्हती. आणि सगळ्यांत नेहमीची चूक मध्याची. कॉम्प्युटरवर वर्तुळ काढताना माउस जरासा सरकतो, मध्य केसभर बाजूला पडतो, आणि कॉम्प्युटर बिचारा प्रामाणिकपणे तो आकडा कागदावर छापतो.

मायक्रॉनकाका अशा चुका गुपचूप दुरुस्त करायचे. मुलाला सांगायचे नाहीत, गाईडला तर नाहीच. फार पूर्वी त्यांनी एका ड्रॉइंगवर लाल पेन्सिलीनं गोल करून ते परत पाठवलं होतं. गाईडनं ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. तो मुलगा तिसऱ्या आठवड्यातच सामान बांधून निघून गेला. त्या दिवसापासून काकांनी लाल पेन्सिल हातात धरली नाही. पोरं शिकायला आलीत, त्यांची झाकली मूठ आपण कशाला उघडायची, असं ते म्हणत. त्यांच्या हातून निघालेली वस्तू बसायची, फिरायची, चालायची. मुलांना वाटायचं, आपलं ड्रॉइंग बरोबर होतं. यात वाईट काय होतं?

चकती हवी असलेली ती विद्यार्थिनी दुसऱ्या आठवड्यात स्लिप घेऊन आली. वर्कशॉपच्या स्लिपवर धातू, माप, नग आणि तारीख असे चार रकाने होते. वस्तू कशासाठी हवी, याला रकाना नव्हता. तिनं ड्रॉइंग पुढे केलं आणि हे कशासाठी आहे ते जरा समजावून सांगू का, असं विचारलं.

“सगळं कागदावर आहे ना?” काका हसत म्हणाले.

“आहे काका. सगळी मापं आहेत.”

“मग बोलायचं काय त्यात? चौदा तारखेला ये.”

ती गेल्यावर त्यांनी चष्मा पुसून ड्रॉइंग पाहिलं. व्यास ऐंशी मिलिमीटर, जाडी बारा, मध्ये दांड्यासाठी भोक. कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं माप मात्र चाळीसच्या ऐवजी ४०.०८ लिहिलेलं. माउस सरकला, काका मनात म्हणाले. त्यांना त्या पोरीची थोडी मायाच वाटली. बाकी ड्रॉइंग इतकं स्वच्छ होतं की एवढी एक चूक तिला शोभून दिसत होती.

त्यांनी भोक बरोबर मध्यात घेतलं. चकती पुरी एक फेरी फिरली तरी माप दाखवणाऱ्या डायलचा काटा जागचा हलला नाही, तेव्हाच त्यांनी हात पुसले. चौदा तारखेला तेलकागदात गुंडाळलेली चकती तिच्या हातात ठेवत ते म्हणाले, “डोळे झाकून बसव.”

तिनं डोळे झाकूनच बसवली.

पुढच्या पाच-सहा आठवड्यांत ती दोनदा पाना मागायला आली आणि एकदा नुसतीच आली. वर्कशॉपमध्ये तिचं नाव एव्हाना ‘चकतीवाली’ पडलं होतं. काम कसं चाललंय, असं काकांनी विचारलं. यंत्र काही पकडतच नाही, वायर तीनदा बदलली, प्रोग्राम दोनदा नव्यानं लिहिला, माझंच कुठेतरी चुकतंय, असं ती खाली बघत म्हणाली. वडीलधारं माणूस सांगतं तसं काकांनी तिला धीर धरायला सांगितलं. यंत्र माणसापेक्षा हट्टी असतं, म्हणाले. आणि पुन्हा लेथकडे वळले. तिच्या अडचणीशी आपला काही संबंध असेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

अठ्ठावीस जुलैला, शुक्रवारी, सगळ्या उन्हाळी मुलांनी आपापलं काम सभागृहात मांडायचं होतं. अकरा मुलांतून दोघांची निवड होणार होती. त्या दोघांचं पुढचं पाच वर्षांचं शिक्षण आणि राहणं संस्था करणार. चकतीवाली आदल्या दिवशी काकांना बोलवायला आली. तिच्या घरी काय ठरलंय तेही तिनं सांगितलं: निवड झाली तर पुढे शिकायचं, नाही तर डिग्री हातात पडली की वडिलांच्या दुकानात बसायचं. तोवरही सुट्ट्या दुकानातच. चौतीस वर्षांत काकांना त्या सभागृहात कोणी बोलावलं नव्हतं. बायकोनं शर्टाला इस्त्री केली आणि लग्नाला निघाल्यासारखे निघालात, म्हणून चिडवलंही. ते शेवटच्या रांगेत कडेला बसले.

तिची पाळी सातवी होती. तिनं सुरुवात वडिलांपासून केली. ते पाण्याचे पंप दुरुस्त करतात. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या पंपावर ठेवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत कुठे झीज झालीय ते सांगायचं, ही त्यांची तीस वर्षांची पद्धत. त्याच आवाजांनी त्यांचा डावा कान गेला, आता उजवाही जात चालला होता. म्हणून तिला एक स्वस्त, खिशात मावणारं यंत्र करायचं होतं, जे पंपाला लावलं की वडिलांच्या कानाचं काम करेल. मग पडद्यावर चकतीचं ड्रॉइंग आलं. भोकावर लाल बाण होता.

“यंत्राची परीक्षा घ्यायला मुद्दाम एक सदोष चकती करून घेतली,” ती म्हणाली. “भोक मध्यापासून आठ शतांश मिलिमीटर बाजूला. साधारण एका केसाएवढं. पंप बिघडायला लागतो तेव्हा सुरुवात एवढ्यानंच होते.”

तिच्या यंत्रानं हा दोष एकदाही पकडला नव्हता. एकशे बारा वेळा करून पाहिलं. म्हणजे यंत्र पुरेसं संवेदनशील नाही, असं तिनं सरळ सांगून टाकलं.

पुढच्या रांगेतल्या परीक्षकांनी विचारलं, “चकती मोजून पाहिली होती?”

“नाही सर. मायक्रॉनकाकांनी केलीय.”

सभागृहात हसू पसरलं. परीक्षकही हसले, वळून त्यांनी मागच्या रांगेकडे बघत मान लववली आणि म्हणाले, “मग प्रश्नच मिटला.”

काकांचे दोन्ही हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर होते. उठून एक वाक्य बोलायचं होतं, फार तर दोन. एवढ्या लोकांसमोर, आज, चौतीस वर्षांनी... ते उठू की नको करत राहिले आणि तेवढ्यात टाळ्या झाल्या. आठवा मुलगा आपला पेन ड्राइव्ह लावायला पुढे आला. इतरांच्या मुठी झाकणाऱ्या त्या माणसाला स्वतःची मूठ उघडता आली नाही.

त्या रात्री ते जेवले नाहीत. बायकोनं विचारलं तर पोट ठीक नाही म्हणाले.

शनिवारी वर्कशॉप बंद असतं. वॉचमनकडून किल्ली घेऊन ते आत गेले. भंगाराच्या पेटीतून तशाच पोलादाचा तुकडा काढला आणि चकती करायला घेतली. काम अर्ध्या दिवसाचं होतं, लागला पूर्ण दिवस. मध्य सापडला की हात आपोआप तिथेच थांबायचा. तो पुढे सरकेना. शेवटी भोक आठ शतांश सरकल्याचं डायलवर दिसलं तेव्हा त्यांनी ती चकती पुसली. आयुष्यात मुद्दाम वाकडं केलेलं हे पहिलं काम.

सोमवारी नऊ वाजता ते तिच्या गाईडच्या खोलीत गेले. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. गाईडनं स्टोअरमधून तिचं यंत्र मागवलं, चकती चढवली, मोटर सुरू केली. वेग पूर्ण यायच्या आतच पडद्यावरची सरळ रेघ उसळली. गाईडनं मोटर बंद केली, पुन्हा लावली. रेघ पुन्हा उसळली.

गाईडनं मोटर बंद केली. मग त्यांनी समजावून सांगितलं. यादीवर शुक्रवारी संध्याकाळीच सह्या झाल्या, दोघांना कळवलं, त्यांतला एक मुलगाही गरजू घरचाच. त्याच्या ताटातलं काढून घेता येणार नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ही मुलगी शेवटचं वर्ष संपवून बाहेर पडेल, म्हणजे योजनेच्या नियमात बसणार नाही. आपण पत्र लिहून बघू, असंही ते म्हणाले. पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

“तुम्ही शुक्रवारी तिथंच बोलला असतात तर...” एवढं म्हणून ते थांबले.

तिला मीच सांगतो, म्हणून काकांनी फोन नंबर घेतला आणि वर्कशॉपच्या मागच्या पायरीवर बसून फोन लावला. तिकडे दुकान होतं, मागे पंपाची घरघर चालू होती. त्यांनी आडवळण न घेता सांगितलं: भोक मी मध्यात घेतलं, मला तुझी चूक वाटली, आणि शुक्रवारी मला कळलं तरी मी गप्प बसलो.

तिनं एवढंच विचारलं:

“म्हणजे माझं यंत्र चालत होतं?”

“चालत होतं, बाळ. पहिल्या दिवसापासून.”

ती रडली की नाही ते आवाजावरून कळलं नाही. मग ती म्हणाली, “मी मोजायला हवं होतं, काका.”

काकांना रागावलेलं चाललं असतं. मी विचारायला हवं होतं, असं ते कसंबसं बोलले. तिनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. गिऱ्हाईक आलंय, बाबांना ऐकू येत नाही, पंपाला कान मलाच लावावा लागतो, असं ती म्हणाली. ठेवता ठेवता तिनं विचारलं, की ती दुसरी चकती जमा करायची नसेल तर मला पाठवाल का.

ती चकती भंगारातून केलेली, स्टोअरच्या रजिस्टरवर नव्हती. काकांनी ती तेलकागदात गुंडाळून, लाकडी डबीत घालून आवक-जावकच्या कारकुनाकडे दिली. यंत्र मात्र मंजुरीपत्राप्रमाणे स्टोअरमध्येच राहिलं. गाईडच्या पत्राला समितीचं उत्तर सप्टेंबरात आलं. नियमात बदल करता येत नाही, असं ते तीन ओळींचं उत्तर होतं.

काका आणखी दोन उन्हाळे नोकरीत होते. स्लिपवर एक रकाना वाढवावा, असा अर्ज त्यांनी केला होता. छापील स्लिपांचे जुने गठ्ठे संपल्यावर विचार करू, असा शेरा मारून तो परत आला. मग ते प्रत्येक स्लिपच्या समासात स्वतःच्या हातानं ‘कशासाठी’ असं लिहायचे आणि मुलाला स्टुलावर बसवून उत्तर ऐकून घ्यायचे. मुलं आनंदानं बोलायची. काम उशिरा व्हायचं. फोरमननं एकदोनदा टोकलं, मग सोडून दिलं. चकतीवालीचा फोन पुन्हा आला नाही आणि काकांचाही करायचा धीर झाला नाही.

संस्थेच्या नियमाप्रमाणे खाजगी पार्सलचं भाडं घेणाऱ्यानं भरायचं असतं. हे आवक-जावकच्या कारकुनानं काकांना निवृत्तीच्या दिवशी, सही घेता घेता, सहज सांगितलं. डबीचे एकशे पस्तीस रुपये त्या मुलीनं दुकानाच्या दारात भरले होते. ते काकांनी तिला अजून दिलेले नाहीत.