शाळा तपासायला माणसं येणार आहेत!

कॅनडात शिक्षणशास्त्राची पदवी घेताना मला वाटायचं, शिक्षक एकत्र जमले की मुलांविषयी बोलत असतील. इथे आखातात आईबाबांकडे परत येऊन नोकरी धरली आणि कळलं, ते एकाच गोष्टीविषयी बोलतात: इन्स्पेक्शन! आमच्या स्टाफरूममध्ये मायक्रोवेव्ह एक, डबे वीस. आपला नंबर येईपर्यंत एक तरी किस्सा कानावर पडतोच. मग ते साचणार नाहीत तर काय!

शाळा अबूधाबीच्या वेशीवर. पैसा सरकारचा, चालवणार खासगी संस्था, मुलांना फी नाही, बालवाडी ते बारावी एकाच आवारात. मी हरखून गेले होते. अशा शाळेत किती काय करता येईल! पण माझं प्रोबेशन संपण्याच्या तोंडावरच इन्स्पेक्शन आलं. तपासणीत माझा तास बरा झाला तर मी कायम, नाहीतर यल्ला, चला घरी!

•

पहिलं संकट भिंतीचं. मी वर्गात मुलांची चित्रं लावली होती. वेडीवाकडी, पण त्यांची स्वतःची. आमच्या प्रायमरीच्या प्रमुख जोगळेकर मॅडम, मूळच्या सांगलीच्या, दारातच थबकल्या.

“हे काय गं?”

“मुलांची चित्रं, मॅडम.”

“ते दिसतंय मला! लॅमिनेट का नाही केलीस?”

त्या आठवड्यात शाळेत जे हललं नाही ते लॅमिनेट झालं. पीटीचे थॉमस सर तर इतके सरावले, की त्यांनी स्वतःचा रजेचा अर्जही मशीनमधून काढला. प्रिन्सिपल मॅडमनी एक पेन घेतलं, दुसरं घेतलं. प्लॅस्टिकवर शाई काही टिकेना.

“खलास!” त्या म्हणाल्या. “सर, आता मला ‘नाही’सुद्धा लिहिता येत नाही!”

•

मग फायर ड्रिल. इन्स्पेक्टर घड्याळ लावतात म्हणे, म्हणून आम्ही रोज घंटा वाजवायचो. बालवाडीची पोरं एकमेकांचे शर्ट धरून, आगगाडी करून, मैदानात. डोक्यावर ऊन असं, की बुटांचे तळ चिकटत होते. माझ्या हाताशी असलेल्या चिमुरडीने एकदा इमारतीकडे पाहिलं, एकदा आकाशाकडे.

“मिस, इज द फायर इनसाइड ऑर आउटसाइड?”

•

पालक सभेची हजेरीही तपासतात. मी एका मुलाच्या वडिलांसाठी त्याच्या भावनिक विकासावर इंग्रजीत भाषण तयार केलं होतं. समोर एक गृहस्थ येऊन बसले. मी बोलत गेले, ते मान खाली घालून ऐकत गेले. शेवटी त्यांनी माझ्या गळ्यातल्या कार्डावरचं नाव वाचलं.

“ताई, मी चिपळूणचा. साहेबांचा ड्रायव्हर.”

“अहो, मग आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही एवढ्या तळमळीने बोलत होतात. म्हटलं, कोणीतरी ऐकायला हवं!”

मी जोगळेकर मॅडमना विचारलं, याची हजेरी कशी लावू? त्या म्हणाल्या, “माणूस आला ना? लाव!”

•

मला हसू यायचं, पण जोगळेकर मॅडमना नाही. आम्ही दोघी राहायचो अल बर्शाला, तिथून त्यांच्याच गाडीने शाळेत यायचो. एका सकाळी धुकं इतकं, की हायवेवरच्या विजेच्या पाट्यांनी वेगमर्यादा ऐंशीवर आणली. मॅडम स्टिअरिंग घट्ट धरून म्हणाल्या, “मागच्या शाळेचा शेरा खाली आला, तेव्हा आमच्यातल्या निम्म्यांची काँट्रॅक्ट्स पुढे गेली नाहीत. माझी मुलगी आत्ता पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुझ्या वर्गाचा शेरा माझ्या नावावर पडतो, बाळा.”

पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसले तसा त्यांनी ब्रेक दाबला.

•

आणि आता मरियम.

माझ्या तिसरीच्या वर्गाला इन्स्पेक्टरसमोर शिकवायचा धडा ठरलेला होता: आपल्या नळाला पाणी कुठून येतं? समुद्र, खारं पाणी गोडं करणारा मोठा कारखाना, पाइप, टाकी. आठवडाभर आम्ही तोच धडा करत होतो. कोण हात वर करणार, कोण चुकणार, आणि ते कोण सुधारणार, सगळं बसवलेलं. आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. प्रिन्सिपल मॅडम इन्स्पेक्टर झाल्या आणि नेमक्या मरियमजवळ लाडाने वाकल्या.

“व्हॉट आर यू लर्निंग टुडे, हबीबती?”

“नथिंग,” मरियम शांतपणे म्हणाली. “वी लर्न्ड इट ऑन मंडे. नाउ वी आर डूइंग इट फॉर द गेस्ट्स.”

प्रिन्सिपल मॅडमनी मान वळवून जोगळेकर मॅडमकडे बघितलं.

परतताना गाडीत जोगळेकर मॅडम म्हणाल्या, “उद्या मरियमला लायब्ररीत बसव. आणि इन्स्पेक्टरची खुर्ची सुलतानशेजारी ठेव. ही माणसं खुर्ची दिसते तिथेच बसतात आणि शेजारच्या पोराला विचारतात. सुलतानला सगळं पाठ आहे.”

“पण मॅडम, मरियम खरं तेच बोलली!”

“म्हणून तर लायब्ररी!”

मी म्हटलं, “तिला काय सांगू? तू का नकोस ते?”

सिग्नल हिरवा झालेलाही मॅडमना मागच्या हॉर्नने कळला.

घरी आईला सांगितलं. तिने पोळी तव्यावर टाकता टाकता निकाल दिला, “आधी व्हिसा, मग तत्त्वं!” बाबा पेपरमागून म्हणाले, “इन्शाल्ला, सगळं नीट होईल.” बाबा इन्शाल्ला म्हणाले की समजायचं, त्यांनाही धास्ती वाटतेय.

सकाळी वर्गात गेले तेव्हा फळ्यावर समुद्र, कारखाना, पाइप, टाकी, सगळं कालचंच होतं. सुलतानशेजारी मोठ्या माणसाची रिकामी खुर्ची. मरियम दप्तर पाठीवरून न काढता दाराशी उभी होती; लायब्ररीचा निरोप तिच्यापर्यंत पोचला असावा.

“मिस, व्हेअर डू आय सिट?”

मी फळा पुसला. मग ती खुर्ची उचलली आणि मरियमच्या जागेला लागून नेऊन ठेवली.