चायनाटाउनचं शोपीस

"या वर्षी तू फक्त पेपर प्लेट्स आण हं. आणि टिश्यू."

शुभाताई हे सिंगापुरात, बुकित बातोकला, आमच्याच ब्लॉकखाली, चार मराठी बायकांच्या देखत म्हणाल्या. मी विचारलं, "आणि पुरणपोळ्या?" त्यांनी पर्स उघडून उगाच काहीतरी शोधलं. "त्या मी बघते. तुझी किती दगदग होते." बाकीच्या बायका लिफ्टकडे बघायला लागल्या.

सेरंगूनला शुभाताईंच्या घरच्या गणपतीत प्रत्येकीने एकेक पदार्थ करून न्यायचा, अशी पद्धत. पुरणपोळ्या दर वर्षी माझ्याकडे. "तुझ्या हाताला काय चव आहे गं," हे ह्याच शुभाताई म्हणायच्या. हात तेच होते. ते कुणाचे आहेत, एवढंच त्यांना नव्याने कळलं होतं.

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "चालेल."



माझा नवरा बोटीवर इंजिनियर. महिनोन्महिने समुद्रावर. फ्लॅटमध्ये मी आणि आमची मुलगी मिनू. आडनाव गावावरून पडलेलं, त्यामुळे जात कळायला मार्ग नव्हता, आणि मीही कळू दिली नाही. चारचौघींत मिसळायचं म्हणून आरत्या पाठ केल्या. ज्या देवांपुढे हात न जोडण्याची प्रतिज्ञा माझ्या वडिलांनी घेतली होती, त्यांच्या आरत्या मला शुभाताईंपेक्षा चांगल्या येत होत्या. रविवारी माझ्या घरी मराठी मुलांचा वर्ग भरायचा. शिकवणं तेवढं मी वडिलांचं उचललं होतं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. शाळा सुटली की वस्तीतल्या विहारात पोरं गोळा करायचे. आधी वंदना, मग पाढे. वस्तीला नळ मिळावा म्हणून त्यांनी तहसीलवर मोर्चा नेला, तेव्हा कुणीतरी दगड भिरकावला. भुवईवर त्याची खूण आहे. मग लांब बदली झाली. अण्णा हटले नाहीत. नळ आला. लग्न होऊन मी निघाले तेव्हा विहारातली छोटी पितळी बुद्धमूर्ती त्यांनी माझ्या हातात दिली. म्हणाले, "घरात दिसेल अशी ठेव."

ठेवली. टीव्हीशेजारी. सिंगापुरात बुद्ध लपवावा लागत नाही, दुकानादुकानांत असतो. शुभाताईंनी पहिल्यांदा विचारलं, "हे काय गं?" मी पटकन म्हणाले, "शोपीस. चायनाटाउनला घेतलं." किती सहज गेलं तोंडातून! कपाटात तर नाही ना लपवला, असं समाधानही करून घेतलं. पण चोराच्या मनात चांदणं. शुभाताईंची नजर तिकडे गेली की मी विषय बदलायची.

मग अण्णा राहायला आले. आल्या आल्या त्यांनी मूर्ती पुसली. खालच्या मार्केटमधून फुलं आणली, मेणबत्ती लावली. मी बघत राहिले. हिला मी शोपीस म्हणते, हे सांगायचं धाडस झालं नाही.

रविवारी वर्ग सुटल्यावर शुभाताई मुलाला न्यायला आल्या. मेणबत्ती बघून हसल्या. "आजोबा, शोपीसची पूजा करताय?"

अण्णांना काही उमजलं नाही. मिनूने तिच्या सिंगापुरी इंग्रजीत समजावून सांगितलं. "शोपीस लाह, आजोबा. मम्मा सेड. फ्रॉम चायनाटाउन."

अण्णा माझ्याकडे वळले. मी स्वयंपाकघरात गेले. चहा उतू जात नव्हता, तरी गेले. तिथून अण्णांचा वर्गातला आवाज ऐकू आला. "शोपीस नाही, बाई. आमच्या विहारातली मूर्ती आहे. आम्ही बौद्ध आहोत."

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा शुभाताई चपला घालत होत्या. "अगं, आत्ताच घरून घेऊन निघाले." माझ्याकडचा चहा त्यांनी कधी सोडला नव्हता. तो कप अण्णांनी प्यायला. मग स्वतःच विसळून ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

गणपतीला मी प्लेट्स घेऊन गेले. हो, गेले. आधी MRTची मेट्रो, मग बस, एका हातात मिनू, दुसऱ्या हातात पिशवी. अण्णा घरी थांबले.

शुभाताई दारातच म्हणाल्या, "तिथेच ठेव, चपलांच्या बाजूला. नेईल कुणीतरी आत." मी ठेवली.

मिनूने टेबलावर सगळीकडे शोधलं. "मम्मा, अवर पुरणपोळी व्हेअर?"

शुभाताईंनी तिच्या गालाला हात लावला. "आईला कंटाळा आला असेल हो या वर्षी."

मिनूने मान डोलावली. तिला पटलं. शोपीसचं पटलं होतं, तसंच हेही. आणि ते पटवणारी पहिली मी. मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती.

"मला कंटाळा नाही आला," मी म्हणाले. आवाज मोठा निघाला. "मला आणू नकोस म्हणून सांगितलं. कारण आम्ही बौद्ध आहोत, पूर्वीचे महार, हे शुभाताईंना कळलं. ते शोपीस नव्हतं, मिनू. मी खोटं बोलले. ह्यांना घाबरून बोलले."

"अगं, सणाच्या दिवशी हे काय? आम्ही असलं काही मानत नाही."

"मग माझ्याकडचा चहा का नाही घेतला?"

शुभाताईंनी समईची वात पुढे सारली.  मी चपला घातल्या, प्लेट्सची पिशवी उचलली आणि निघाले. मंडळी कशात जेवली, त्यांचं त्यांना ठाऊक.

घरी येऊन अण्णांना सगळं सांगितलं. वाटलं, शाबास म्हणतील. पाठीवरून हात फिरवतील. ते मिनूकडे बघत राहिले.

"मूर्तीचं काय, पितळ आहे. पोरीला काय शिकवलंस तू?"

 अण्णा गावी परत गेले. माफ केलंत का, असं मी विचारलं नाही. माफी मागून मोकळं व्हायचा मला हक्क नाही.

पुढच्या रविवारी वर्गाला मोजकीच मुलं आली. शुभाताईंचा मुलगा नव्हता. आलेल्यांना मी वस्तीतल्या नळाची गोष्ट सांगितली, दगडासकट. मिनूला पुढे बसवलं. नवरा बोटीवरून फोनवर म्हणाला, "कशाला उगाच? तिथे मराठी घरं किती, सांग बरं." मी म्हटलं, आपलं एक आहे.

आता घरात कुणी नवीन मराठी माणूस आलं, की ती मूर्ती कुणाची आणि आम्ही कोण, हे मी आधी सांगते. मिनूच्या देखत. मग चहा ठेवते. ज्याला घ्यायचा त्याने घ्यावा.