बैलानं मुंडी फिरवली की सौदा मोडला

पोहरादेवीजवळच्या तांड्यात खेमाला सगळे 'गाय' म्हणत. गडी ताडमाड, पण जन्मात त्यानं बैलाला तुतारीची आर टोचली नाही की बायकोवर आवाज चढवला नाही. त्याच्या वाडवडलांनी बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून मुलूख तुडवला. खेमापाशी दोनच बैल उरले, धवळा आणि हिरा.

त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात अनसिंगच्या बाजारात कडब्याचा भाव पेटला. कडबा चढला तसा बैल उतरला. जोडी विकून महिन्याची वैरण येईना. कातड्याचे व्यापारी बाभळीखाली बिड्या ओढत बसलेले. त्यांना घाई नव्हती.

बाजाराची जुनी रीत होती. कडब्याच्या सौद्याआधी गंजीतली एक पेंढी बैलापुढं टाकायची. खाल्ली तर सौदा पक्का, मुंडी फिरवली तर मोडला. मागच्या बाजारी शालिग्राम व्यापाऱ्याच्या पेंढीवर धवळा तुटून पडला. खेमानं बायकोच्या, भुरीबाईच्या हातातली चांदीची कडी मोडून गाडी भरली. घरी पेंढ्या सोडल्या तर आतून काळी बुरशी. खेमा पाण्याला गेला तेवढ्यात उपाशी धवळ्यानं दावं तोडलं, पोटभर खाल्लं, फुगला आणि पाय झाडत मेला. बैलानं स्वतः पसंत केलेला माल. गाऱ्हाणं कोणाकडं नेणार?

आता हिरा तरी जगवायचा होता, अन् बाजारात गंजी उरली ती शालिग्रामचीच. त्यानं पेंढी टाकली. हिरा ती अधाशासारखा चाटू लागला. नुसताच चाटत होता. खेमानं वाकून धाट जिभेला लावलं.

खारट.

"मिठाचं पानी मारलं व्हय, शेठ?"

शालिग्राम पोट हलवून हसला. "मिठाच्या लमाणाले मागच्या बाजारी मीठ नाई समजलं, अन् आज चाखून राह्यला!"

भोवतीची माणसं खिदळली. खेमाही हसल्यासारखा झाला. मग त्यानं गंजीच्या पोटातून काळी पेंढी उपसली, शालिग्रामची मान बगलेत आवळली अन् धाटं त्याच्या तोंडात कोंबली.

"खाय! आता तू खाय! मुंडी नको फिरवू!"

ओठ चिरले, दात निखळले. हमाल गाडीच्या लाकडी उभाऱ्या उपसून धावले. एक खेमाच्या कपाळावर बसली, दुसरी मनगटावर. हाड मोडल्याचं त्याला ऐकू आलं, पण पकड सुटली नाही.

"लुटा रे गंजी!" कोणीतरी बोंबललं. सगळा बाजार उसळला. माणसं विळ्यांनी एकमेकांच्या बोटांवर घाव घालून पेंढ्या ओढू लागली. मेडशीचा एक म्हातारा गंजीखाली चेंगरून रक्त ओकला. त्या रेट्यात शालिग्राम खेमाच्या बगलेतून सुटला अन् रांगत गाडीखाली शिरला. तोंडातून काळी बुरशी अन् लाल लाळ गळत होती.

धूळ बसली तेव्हा गंजीच्या जागी नुसता भुगा होता. खेमाच्या वाट्याला एक धाट आलं नाही. हिरा मात्र जागचा हलला नव्हता. तो खेमाच्या मोडक्या हातावरचं रक्त चाटत होता. तेही खारटच.

तांड्यावर आल्या आल्या खेमा धड हातानं झोपडीचं छप्पर उपसू लागला.

"अवो, काय करून राह्यले हे?" भुरीबाई किंचाळली. "लेकरायनं उन्हात निजाचं काय?"

"आपल्याले झाडाखाली बी भागते वं. त्याले कोन देते?"

त्यानं जुनाट गवताचा कवळा हिऱ्यापुढं टाकला अन् डोळे मिटले. बैलानं हुंगलं. थांबला. मग कराकरा चावण्याचा आवाज आला.

भुरीबाईनं डोळे पुसले, ओढणी कमरेला खोचली अन् दुसऱ्या बाजूनं छपराला हात घातला.